सागरी मॉडेलची परीक्षा कशी घ्यावी: कोकण किनाऱ्यावर काम करणाऱ्यांसाठी सविस्तर पद्धत

जानेवारीतल्या सकाळी रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंधाऱ्यावरून बाहेर पाहिले, तर समुद्र तळ्यासारखा पसरलेला दिसतो. पहाटेचा मतलई वारा ओसरलेला असतो आणि पाण्यावर जेमतेम एक लांबट हेलकावा असतो. दुपारी दोनच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा भरू लागतो आणि चार वाजेपर्यंत छोट्या होडीला नाक सांभाळावे लागेल अशी तुटक, आखूड लाट उभी राहते. हे कोणत्याही तांडेलाला सांगावे लागत नाही. मात्र समुद्राची स्थिती गणिताने काढणाऱ्या अनेक संगणकीय मॉडेलांच्या आलेखात त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत जवळजवळ सपाट रेघ असते आणि तरीही त्याच मॉडेलच्या वार्षिक अहवालात सहसंबंध, म्हणजे मॉडेल व निरीक्षण किती एकसाथ वरखाली होतात हे सांगणारा आकडा (कमाल १), ०.९च्या वर छापलेला असतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मॉडेल नापास होऊ शकेल अशी परीक्षा घेतली नाही, तर तिच्या निकालाला अर्थ उरत नाही. कोकणच्या समुद्रापुरती अशी परीक्षा कशी रचावी, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

आधी प्रश्न, मग आकडे

‘मॉडेल चांगले आहे का’ हा प्रश्न तपासता येत नाही. ‘हर्णेहून दुपारी निघणाऱ्या लहान होडीसाठी उद्याची लाट-उंची पुरेशी अचूक आहे का’ हा प्रश्न तपासता येतो. कामाला बसण्यापूर्वी कोणती गोष्ट मोजायची (लाट, पातळी, तापमान की प्रवाह), कोणते ठिकाण, कोणता ऋतू आणि किती चूक चालेल, या चार गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात. शेवटची गोष्ट निकाल पाहण्याआधीच ठरवावी, कारण आलेख समोर आल्यावर माणूस आपली मर्यादा नकळत सैल करतो.

त्याच कागदावर मॉडेलची कुंडलीही मांडावी. मॉडेल समुद्राचे ज्या चौकोनी जाळीत तुकडे करते, तिचा एक चौकोन किती मोठा आहे, वारा कुठून घेतला आहे व तो किती तासांनी बदलतो, भरती-ओहोटी मॉडेलमध्ये आहे की नाही, नद्यांचे पाणी सोडले आहे का आणि कोणती निरीक्षणे मॉडेलला आधीच पाजलेली आहेत, हे त्यात आले पाहिजे. एक-द्वादशांश अंशाच्या जाळीत एक चौकोन सुमारे ९ किलोमीटरचा होतो. अशा मॉडेलला जयगडची किंवा दाभोळची खाडी दिसतच नाही आणि तिथल्या प्रवाहाबद्दल त्याला दोष देण्यात शहाणपण नाही.

निरीक्षणे कुठून घ्यावीत

लाटांसाठी पहिला आधार म्हणजे लहरीमापक बोया, पाण्यावर तरंगत लाटा मोजणारे यंत्र. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे इन्कॉइस, किनारी पाण्यात असे बोये ठेवते आणि त्यांच्या जाळ्यात रत्नागिरीचाही समावेश आहे. खोल अरबी समुद्रातले नांगरलेले बोये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचे असतात. पाण्याच्या पातळीसाठी भरतीमापक यंत्रे आहेत. मुंबईची नोंद १८७८पासूनची असून जगातल्या जुन्या नोंदींत ती गणली जाते. खोलवरचे तापमान व क्षारता आर्गो फ्लोट देतात. हे फ्लोट साधारण १००० मीटर खोलीवर वाहत राहतात आणि दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत बुडी मारून वर येताना मोजमाप करतात. याच कारणाने ते उथळ समुद्रबूड जमिनीवर सहसा सापडत नाहीत. कोकणासमोर हा उथळ मंच चांगलाच रुंद आहे, त्यामुळे मासेमारी जिथे चालते त्या पट्ट्यासाठी आर्गोवर विसंबता येत नाही. तिथे जहाजावरून किंवा भाड्याच्या ट्रॉलरवरून क्षारता, तापमान व खोली मोजणारे सीटीडी यंत्र सोडून घेतलेल्या नोंदीच उपयोगी पडतात.

उपग्रहांपैकी भारत व फ्रान्स यांनी फेब्रुवारी २०१३मध्ये सोडलेल्या सरल उपग्रहावरील अल्टिका हे समुद्रपृष्ठाची उंची मोजणारे उंचीमापक किनाऱ्याजवळ इतरांपेक्षा बरे चालले, कारण त्याच्या किरणाचा ठसा लहान होता. मात्र त्याच्या लहरींना पावसाचा त्रास अधिक होतो. कोणत्याही उंचीमापकाच्या किनाऱ्यालगतच्या नोंदींत जमिनीचा प्रतिध्वनी मिसळलेला असतो. नोंदीबरोबर येणारे गुणवत्तेचे निशाण न पाहता त्या नोंदी वापरल्या, तर चुकीचे खापर मॉडेलवर फुटते.

निरीक्षण हेही अखेर मोजमाप आहे, देववाणी नव्हे. बोया शेवाळाने व शिंपल्यांनी जड होतो, जाळ्यात अडकतो, दोर तुटून वाहत जातो आणि तरीही आकडे पाठवत राहतो. म्हणून तुलना सुरू करण्यापूर्वी नोंदींचा साधा आलेख काढून डोळ्यांनी पाहावा. सलग तासन्‌तास तोच आकडा, एकदम उसळलेला एकच बिंदू किंवा बोयाच्या स्थानात झालेली सरक आलेखावर लगेच दिसते. शिवाय वीस मिनिटांच्या नोंदीवरून काढलेली लक्षणीय लाट-उंची, म्हणजे सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी, केवळ नमुन्याच्या मर्यादेमुळे पाच-दहा टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकते. त्याहून सूक्ष्म अचूकतेची अपेक्षा मॉडेलकडून ठेवू नये.

घड्याळ, दिशा आणि पातळी: सर्वाधिक चुका इथेच होतात

मॉडेलची वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते, स्थानिक नोंदी भारतीय वेळेत असतात आणि दोघांत साडेपाच तासांचा फरक आहे. पाण्याच्या पातळीचा माझा पहिला आलेख निघाला, तेव्हा मॉडेलची भरती येई त्या वेळी यंत्राची ओहोटी असे आणि सहसंबंध वजा ०.९च्या आसपास आला होता. कुठेतरी उणे चिन्ह राहून गेले असावे, असे समजून मी दोन दिवस प्रोग्राम उसवत बसलो. वस्तुतः आपल्याकडच्या मुख्य भरतीचे चक्र १२.४२ तासांचे असल्याने साडेपाच तासांची सरक त्या चक्राला जवळजवळ उलटे करते. ही चूक निदान ठळक दिसते. खरी कपटी चूक म्हणजे तासागणिक नोंदी जुळवायच्या सोयीसाठी वरचा अर्धा तास सोडून देणे. अर्ध्या तासाच्या सरकीने भरतीच्या आयामाच्या, म्हणजे मध्यपातळीपासूनच्या कमाल चढाच्या, सुमारे २५ टक्के इतकी खोटी त्रुटी तयार होते. समजा आयाम ७० सेंटीमीटर असेल, तर जवळजवळ १८ सेंटीमीटर. आलेख दिसायला सुरेख जुळलेला असतो आणि अहवालात मात्र ‘मॉडेल भरती थोडी लवकर दाखवते’ असे वाक्य लिहिले जाते.

दिशेचेही तसेच आहे. वारा व लाटा यांची दिशा ‘कुठून’ अशी सांगतात, प्रवाहाची ‘कुठे’ अशी सांगतात. वायव्येचा वारा आणि वायव्येचा प्रवाह या परस्परविरुद्ध गोष्टी झाल्या. दिशांची साधी सरासरी कधीही काढू नये, कारण ३५० अंश आणि १० अंश यांची साधी सरासरी १८० अंश येते आणि उत्तरेची लाट कागदावर दक्षिणेची होते. दिशा आधी पूर्व व उत्तर घटकांत मोडावी, सरासरी त्या घटकांची घ्यावी आणि मग पुन्हा कोन काढावा. मॉडेलची जाळी किनाऱ्याला समांतर वळवलेली असेल, तर त्याचे वेगाचे घटक जाळीच्या अक्षांवर असतात. ते खऱ्या पूर्व-उत्तरेवर फिरवून घेतल्याखेरीज तुलनेला हात घालू नये.

पाण्याच्या पातळीचा शून्य प्रत्येकाचा वेगळा असतो. बंदरातले यंत्र नकाशाच्या आधारपातळीवरून मोजते आणि मॉडेल आपल्या कल्पित समपातळीवरून मोजते. दोघांच्या मालिकांतून एकाच कालखंडाची सरासरी वजा करून उरलेला चढउतारच ताडून पाहावा.

राहिले ठिकाण. बोयाला सर्वांत जवळचा चौकोन घेण्याची सवय असते, पण तो चौकोन अर्धा जमिनीवर असू शकतो किंवा त्याची खोली भलतीच असू शकते. बोया १५ मीटर पाण्यात आणि मॉडेलचा चौकोन ३५ मीटर खोलीचा असेल, तर लांब लाट उथळ पाण्यात जशी उंचावते व वळते, तसे मॉडेलमध्ये होणार नाही. म्हणून जवळच्या चार-सहा चौकोनांची खोली आधी छापून घ्यावी, अंतर व खोली या दोहोंना धरून एक चौकोन निवडावा आणि तो पुढे बदलू नये. निकाल सुधारतो म्हणून चौकोन बदलणे म्हणजे उत्तरपत्रिका पाहून प्रश्न निवडण्यासारखे आहे.

भरती-ओहोटी

कोकणात भरतीची उंची दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत जाते. गोव्याकडे उधाणाच्या वेळी चढउतार साधारण दोन मीटरांचा असतो, तर मुंबईला तो चार मीटरांपुढे जातो. त्यामुळे एकाच बंदरावर मॉडेल जुळले म्हणून भागत नाही. किनाऱ्याच्या लांबीवर ही वाढ त्याने बरोबर पकडली आहे का, हे पाहावे लागते आणि ती चुकली असेल, तर बहुधा मॉडेलमधल्या खोलीच्या नकाशात किंवा तळाच्या घर्षणात खोट असते.

पद्धत अशी की निरीक्षण आणि मॉडेल या दोन्ही मालिकांचे चंद्र-सूर्याच्या ओढीने येणाऱ्या ठरावीक चक्रांच्या घटकांत विश्लेषण करावे. पायथन या संगणकभाषेतले यूटाइड हे साधन त्यासाठी पुरते. चंद्राचा आणि सूर्याचा अर्धदैनिक घटक वेगळे ओळखण्यासाठी किमान पंधरा दिवसांची नोंद लागते, व्यवहारात एकोणतीस दिवसांची घ्यावी. मग प्रत्येक घटकाचा आयाम आणि कला, म्हणजे चक्रातली वेळ अंशांत, दोन्ही ताडून पाहाव्यात. आयाम बरोबर पण कला वीस अंशांनी चुकलेली, अशा मॉडेलवर विसंबून खाडीच्या मुखावरच्या वाळूच्या दांड्यावरून होडी काढणारा चाळीस मिनिटे चुकतो. अनेक जागतिक मॉडेलांमध्ये भरती-ओहोटी मुळात घातलेलीच नसते. तिथे यंत्राच्या नोंदीतून भरतीचे घटक काढून टाकून उरलेल्या पातळीशीच तुलना करावी.

लाटा

इथे थोडे थांबावे, कारण लेखाच्या सुरुवातीचा दुपारचा प्रश्न इथे सुटतो. समजा, जानेवारीतल्या एका दिवशी सकाळी आठपासून दर तीन तासांनी बोयाने ०.६, ०.६, ०.८, १.० आणि ०.९ मीटर लाट-उंची नोंदवली आणि मॉडेलने पाचही वेळा ०.७ सांगितली. सरासरी कल, म्हणजे मॉडेल वजा निरीक्षण यांची सरासरी, फक्त उणे ८ सेंटीमीटर येतो. वर्गमध्यमूळ त्रुटी, म्हणजे चुकांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ, सुमारे १८ सेंटीमीटर येते. दोन्ही आकडे अहवालात छान दिसतील. पण सायंकाळी पाच वाजता, म्हणजे लाट सर्वांत उंच असताना, मॉडेल ३० टक्क्यांनी कमी सांगत आहे आणि सहसंबंध तर काढताच येत नाही, कारण मॉडेलची मालिका जागची हललेलीच नाही.

कारण शोधायला वाऱ्याकडे जावे लागते. मॉडेलला सहा तासांनी वारा मिळत असेल, तर त्या वेळा भारतीय घड्याळाने पहाटे ५:३०, सकाळी ११:३०, सायंकाळी ५:३० आणि रात्री ११:३० अशा पडतात. खाऱ्या वाऱ्याचा जोर नेमका मधल्या दोन वेळांच्या दरम्यान असतो. मॉडेल त्या दोन आकड्यांमध्ये सरळ रेघ ओढते आणि दुपार गिळून टाकते. तासागणिक वारा दिला तरी तो तीस-एक किलोमीटरच्या जाळीवरचा असेल, तर जमीन आणि पाणी यांची सीमा त्यात पुसट होते आणि सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंतची अरुंद पट्टी नीट उमटत नाही. म्हणून लाटांच्या मॉडेलला नाव ठेवण्याआधी त्याला दिलेला वारा किनाऱ्यावरच्या वारामापकाशी ताडून पाहावा. वारा चुकलेला असताना लाट बरोबर आली, तर उलट अधिक सावध व्हावे.

दुसरी गोष्ट म्हणजे एकूण उंचीच्या पोटात काय आहे. स्थानिक वाऱ्याने उठलेल्या लाटा आणि दूरच्या वाऱ्यांनी उठवून पाठवलेली स्वेल यांच्या उंचींची साधी बेरीज होत नाही; त्यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढावे लागते. त्यामुळे ०.६ मीटर स्वेल व ०.८ मीटर स्थानिक लाट यांची एकूण उंची १.० मीटर होते आणि ०.८ मीटर स्वेल व ०.६ मीटर स्थानिक लाट यांचीही १.० मीटरच होते. आकडा तोच, होडीला बसणारा मार मात्र वेगळा. म्हणून लाटांचा ऊर्जापट, म्हणजे किती सेकंदांच्या लाटेत किती ऊर्जा आहे याची मांडणी, आवर्तनकाळानुसार दोन भागांत तोडून प्रत्येक भाग वेगळा तपासावा. कोकणात हिवाळ्यात अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांची वायव्य स्वेल येते, तर दक्षिण महासागरातली लांब स्वेल वर्षभर नैर्ऋत्येकडून येत राहते. सोळा सेकंदांच्या लाटेची ऊर्जा खोल पाण्यात ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने सरकते, म्हणजे दक्षिणेच्या वादळी पट्ट्यातून इथे यायला तिला साधारण सहा दिवस लागतात. मॉडेलची हद्द विषुववृत्ताजवळ संपत असेल आणि तिथून आत येणाऱ्या लाटा सीमेवर दिलेल्या नसतील, तर हा पाहुणा कधीच घरी येणार नाही.

ऋतू वेगळे ठेवावेत, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. पावसाळ्यात लाटा दोन-चार मीटरांच्या आणि हिवाळ्यात अर्ध्या-एक मीटरच्या असतात. वर्षभराचे बिंदू एकाच आलेखावर टाकले, की जून ते ऑगस्टचा पुंजका वर आणि बाकीचा खाली पडतो आणि ‘पावसाळ्यात समुद्र खवळतो’ एवढे कळणाऱ्या मॉडेललाही उत्तम सहसंबंध मिळतो. त्यात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. म्हणजे ज्या महिन्यांच्या जोरावर मॉडेल उत्तीर्ण होते, त्यांतल्या दोन महिन्यांत त्याचे मुख्य गिऱ्हाईक किनाऱ्यावर जाळी विणत बसलेले असते.

तापमान, क्षारता आणि वरून न दिसणारे पाणी

पृष्ठतापमानाची तपासणी सर्वांत सोपी वाटते आणि सर्वांत फसवीही तीच असते. बहुतेक मॉडेलांना उपग्रहाचे तापमान आधीच पाजलेले असते. त्याच तापमानाशी तुलना करणे म्हणजे आपलीच सही आपल्याच सहीशी जुळवणे. पावसाळ्यात अवरक्त उपग्रहाला ढगांखालचे काही दिसत नाही आणि सूक्ष्मलहरी उपग्रहाला किनाऱ्यालगतचा पट्टा नीट वाचता येत नाही. पोकळी भरून तयार केलेल्या नकाशात जुलैतल्या रत्नागिरीसमोरचा आकडा असतो खरा, पण त्याच्याबरोबर दिलेली अनिश्चितता उघडून पाहिल्याखेरीज त्याला मोजमाप म्हणू नये.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तळाशी आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात या किनाऱ्याच्या उथळ मंचावर खोल समुद्रातले थंड, कमी प्राणवायूचे पाणी चढून येते, पण वर नद्यांच्या व पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर पसरलेला असल्याने ते पृष्ठभागावर येत नाही. उपग्रहाला वरचा कोमट थर दिसतो, मॉडेलही तोच दाखवते आणि दोघे जुळतात. खाली मात्र मॉडेलचे पाणी चार अंशांनी उबदार असले, तरी कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निदान एक छेद घ्यावा. किनाऱ्याला काटकोनात दहा, वीस, तीस, पन्नास मीटर खोलीवर सीटीडी सोडावे आणि त्याच छेदावर मॉडेलचे तापमान व क्षारता तळापर्यंत काढावी. वासिष्ठी, शास्त्री, काजळी यांसारख्या छोट्या पण पावसात फुगणाऱ्या नद्या मॉडेलमध्ये नसतील, तर वरचा गोडा थर त्यात आढळणार नाही आणि चुकीचे मूळ पहिल्याच छेदात सापडेल.

खोल समुद्रात आर्गोशी तुलना करताना दोन्हीकडचे तापमान एकाच प्रकारचे करून घ्यावे. मॉडेल बहुधा दाबाचा परिणाम वगळलेले तापमान देते आणि १००० मीटरवर त्यात व प्रत्यक्ष तापमानात सुमारे ०.१ अंशाचा फरक पडतो.

प्रवाहांबाबत थोडक्यात एवढेच, की क्षणाक्षणाचा वेग जुळवण्याचा हट्ट धरू नये. मोठ्या भोवऱ्याची जागा वीस किलोमीटरांनी चुकली, तर मॉडेलला दोनदा दंड होतो: जिथे भोवरा हवा तिथे नाही म्हणून एकदा आणि नको तिथे आहे म्हणून पुन्हा. पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. हा पालट मॉडेलमध्ये कोणत्या आठवड्यात होतो आणि त्याचा जोर किती आहे, हे आधी तपासावे.

वादळाचे दिवस वेगळे काढावेत

नोव्हेंबर २००९चे फयान, अलिबागच्या दक्षिणेस ३ जून २०२० रोजी किनाऱ्यावर आलेले निसर्ग आणि मे २०२१मध्ये किनाऱ्याला समांतर वर सरकलेले तौक्ते, ही कोकणापुरती तीन चांगली परीक्षापत्रे आहेत. तिन्हींची वाट वेगळी आहे. यंत्राच्या नोंदीतून भरती वजा करून वादळी फुगवटा वेगळा काढावा आणि मॉडेलकडून शिखराची उंची व शिखराची वेळ या दोनच गोष्टी मागाव्यात. शिखर उधाणाच्या भरतीवर पडते की ओहोटीवर, यावर गावात पाणी शिरते की नाही हे ठरते. त्यामुळे तीन तासांचा उशीर ही किरकोळ चूक नव्हे. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला, की पाणी साधारण एक सेंटीमीटर वर येते. मॉडेलमध्ये दाबाचा परिणाम धरलेला नसेल, तर तेवढा वाटा आधी हिशेबात घ्यावा. जागतिक पुनर्विश्लेषणातला, म्हणजे जुनी निरीक्षणे मॉडेलला देऊन पुन्हा मांडलेल्या हवामानातला, वारा चक्रीवादळाच्या गाभ्याजवळ कमीच भरतो, म्हणून तोच वारा वापरून कमी फुगवटा आला, तर दोष समुद्राच्या मॉडेलचा ठरत नाही.

अंदाज असेल तर कोणाच्या तुलनेत चांगला

मागचे दिवस पुन्हा चालवून पाहणे वेगळे आणि उद्याचा अंदाज वेगळा. अंदाजाची तपासणी करायची असेल, तर तो ज्या दिवशी जाहीर झाला त्याच दिवशी जसाच्या तसा साठवून ठेवावा आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या दिवसाचे हिशेब स्वतंत्र ठेवावेत. मग एक आळशी प्रतिस्पर्धी उभा करावा: ‘उद्या आजच्यासारखेच’. समजा, या प्रतिस्पर्ध्याची वर्गमध्यमूळ त्रुटी ०.४० मीटर आणि मॉडेलची ०.३० मीटर आली. त्रुटींच्या वर्गांचे गुणोत्तर एकातून वजा केल्यास ०.४४ कौशल्य मिळते, म्हणजे मॉडेलने खरोखर काही कमावले. हा आकडा शून्याच्या खाली गेला, तर त्या ऋतूत, त्या ठिकाणी मॉडेल चालवण्यापेक्षा फळ्यावरचा कालचाच आकडा न पुसता ठेवलेला बरा. महिन्याच्या ७२० तासांच्या नोंदी म्हणजे ७२० स्वतंत्र पुरावे नव्हेत, कारण या तासाची लाट मागच्या तासाच्या लाटेचीच पुढची पायरी असते. कौशल्याची अनिश्चितता काढताना तीन-चार दिवसांचे सलग तुकडे उचलून पुन्हापुन्हा हिशेब करावा.

इशाऱ्यांसाठी सरासरी त्रुटी निरुपयोगी ठरते. तिथे मर्यादा ठरवून मोजणी करावी. समजा, अडीच मीटरांवरच्या लाटेचे वीस प्रसंग आले, त्यांतले चौदा मॉडेलने आधी सांगितले, सहा हुकले आणि दहा वेळा विनाकारण इशारा दिला. म्हणजे ७० टक्के प्रसंग पकडले, पण दिलेल्या चोवीस इशाऱ्यांपैकी सुमारे ४२ टक्के पोकळ निघाले. डिझेल, बर्फ आणि खलाशांची हजेरी पदरात घेऊन बंदरात बसलेल्या नौकामालकाला दुसरा आकडा पहिल्याइतकाच जिव्हाळ्याचा असतो, म्हणून दोन्ही आकडे एकाच ओळीत छापावेत.

निकाल लिहिताना मुख्य ओळीचा नमुना असा ठेवता येईल: ‘डिसेंबर ते मार्च, रत्नागिरीसमोर पंधरा मीटर पाण्यात, दुपारी दोन ते सायंकाळी सहा या वेळेत पहिल्या दिवसाचा अंदाज लाट-उंची एवढ्या सेंटीमीटरने कमी सांगतो; सकाळी सहा ते दहा या वेळेत तो एवढ्या सेंटीमीटरच्या आत असतो; वारा अमुक जाळीचा व इतक्या तासांचा.’ रिकाम्या जागी आपले आकडे भरावेत आणि वाऱ्याचा स्रोत किंवा जाळी बदलली, की पहिल्या पायरीपासून हिशेब पुन्हा करावा.